चाल कुठली, बुवा? : ऑस्करच्या ‘मूळ गीत’ विभागाचं कोकणातून परीक्षण

डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवांनी गजर उचलला की दुसऱ्या ओळीला मागे बसलेला पोरगाही सांगतो, चाल कुठल्या सिनेमाची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शब्द विठ्ठलाचे, चाल हिंदी सिनेमाची, पखवाज आपला. जाखडी नाचातही तेच. सवाल-जवाबातल्या दोन बाजू, शक्तीवाले असोत वा तुरेवाले, गाजलेल्या चालीवर सवाल बांधला की ऐकणाऱ्याला चाल नव्यानं शिकावी लागत नाही, सगळं लक्ष शब्दांवर राहतं. चालीची उसनवारी हा इथला रोकडा व्यवहार आहे, चोरी नाही.

ऑस्करचा ‘मूळ गीत’ विभाग या व्यवहाराच्या बरोब्बर उलट्या टोकाला उभा आहे. ‘आरआरआर’ या चित्रपटातल्या ‘नाटू नाटू’ला २०२३ साली ऑस्करची बाहुली मिळाल्यापासून ‘आपलं गाणं तिकडं पाठवता येईल का’ हा प्रश्न कोकणातल्या गीतकार-संगीतकारांतही निघतो. म्हणून या विभागाकडं एखाद्या सेवेसारखं बघू. ती मागते काय, देते काय, आणि आपल्याकडचं गाणं तिच्या दारात नेमकं कुठं अडकतं. तुलनेला आपले राष्ट्रीय पुरस्कार आणि फिल्मफेअर आहेतच.

आधी एक गैरसमज. भारताची ‘अधिकृत प्रवेशिका’ होण्याशी या विभागाचा काही संबंध नाही. ‘आरआरआर’ त्या वर्षीची अधिकृत प्रवेशिका नव्हतीच, ती होती गुजराती ‘छेल्लो शो’. अधिकृत प्रवेशिका फक्त आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात जाते. गाण्यासाठी चित्रपट सर्वसाधारण मार्गानं आत जायला हवा. म्हणजे लॉस एंजेलिस, न्यू यॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो, डॅलस, अटलांटा या सहांपैकी एका महानगरात, तिकीट लावून, सलग सात दिवस चित्रपटगृहात चालायला हवा आणि इंग्रजी सबटायटल असायला हवीत. खरा खर्च इथं आहे. गीतकारानं कितीही उत्तम लिहिलं असलं तरी निर्मात्यानं ही सात दिवसांची सोय केली नाही, तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

आता नियम. विभाग सुरू झाला १९३४ सालच्या चित्रपटांपासून, पहिलं विजेतं गाणं ‘द कॉन्टिनेन्टल’. तेव्हा नियम सैल होता. १९४१ च्या चित्रपटांत ‘द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस’ जिंकलं, आणि ते तर चित्रपटाच्या आधीच प्रसिद्ध झालेलं, लोकांच्या तोंडी असलेलं गाणं होतं. संगीतकार जेरोम कर्न यांना स्वतःलाच हे पटलं नाही. त्यानंतर नियम घट्ट झाला: शब्द आणि चाल, दोन्ही त्याच चित्रपटासाठी घडलेली हवीत. जिंकणाऱ्यालाच खटकल्यावर नियम बदलावा, असं पुरस्कारांच्या जगात क्वचित घडतं.

आजचा नियम आणखी एक पाऊल पुढं जातो. चित्रपटासाठी ध्वनिमुद्रण होण्याआधी ते गाणं कुठंही वापरलेलं चालत नाही, जाहीर गायलेलंही नाही. आपल्याकडं घात होतो तो इथं. नवी चाल बांधली की ती आधी वाजवून बघायची ही सवय. गणपतीत आरत्यांनंतर भजन रंगलेलं असतं, पेटीवाला सहज नवी चाल धरतो, चारजण मागं म्हणतात, कुणीतरी मोबाइल वर धरतो आणि सकाळी ते रील कणकवलीपासून मुंबईच्या चाळीपर्यंत फिरलेलं असतं. गाणं तेच, गाणारा तोच, पण क्रम उलटा झाला. ‘नाटू नाटू’ चित्रपटाच्या चार महिने आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांसमोर आलं होतं, त्याला कुणी हरकत घेतली नाही. कारण ते चित्रपटासाठी रेकॉर्ड झाल्यावर बाहेर आलं. आधी बाहेर येणं हा दोष नाही, ध्वनिमुद्रणाच्या आधी बाहेर येणं हा दोष आहे. तेव्हा चाल तपासायचीच असेल तर दार लावून तपासा.

सीमेवरची दोन उदाहरणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ‘मूलाँ रूज’मधलं ‘कम व्हॉट मे’ गाजलं, पण ते मुळात त्याच दिग्दर्शकाच्या आधीच्या ‘रोमिओ + ज्युलिएट’साठी लिहिलेलं होतं. त्यात वापरलं गेलं नाही, तरीही अपात्र. उलट ‘वन्स’मधलं ‘फॉलिंग स्लोली’ चित्रपटाच्या आधी एका अल्बमवर आणि दुसऱ्या एका चित्रपटातही आलेलं होतं. समितीनं कागद तपासले, गाणं ‘वन्स’साठीच तयार झाल्याचं मान्य केलं आणि २००८ साली ते जिंकलं. दोन्ही गाणी ऐकून हा फरक कळणार नाही. गाणं कुणासाठी आणि कधी जन्मलं याचा पुरावा एकाच्या बाजूनं होता, दुसऱ्याच्या विरुद्ध.

आपल्या गाण्यांना हीच कसोटी लावून बघा. ‘मी डोलकर डोलकर दर्याचा राजा’: शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं, किनाऱ्यावर बोट नसलेल्या माणसालाही पाठ. पण ते चित्रपटगीत नाही, ध्वनिमुद्रिकेसाठी केलेलं कोळीगीत आहे. उद्या कुणी ते जसंच्या तसं चित्रपटात घेतलं तर चित्रपट नवा, गाणं जुनं. ‘गोमू संगतीनं’ मात्र ‘हा खेळ सावल्यांचा’ या १९७६ च्या चित्रपटातलं, सुधीर मोघे यांचे शब्द, संगीतकार तेच. दोन्हींत समुद्राची तीच झुळूक, पण या विभागाच्या दारात एक आत, एक बाहेर.

नाट्यसंगीताचं दुखणं तसंच. ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ साली पडद्यावर आलं तेव्हा जितेंद्र अभिषेकींच्या चालीतली मूळ नाटकाची पदं त्यात होती आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणीही. १९६७ च्या नाटकातलं ‘घेई छंद मकरंद’ कितीही श्रेष्ठ असो, या नियमानं ते ‘मूळ’ ठरत नाही. नव्यानं केलेलं गाणं ठरू शकतं. हॉलीवूडवाले यातून वाट काढतात ती सरळ आहे: रंगमंचावरचं संगीतक, म्हणजे म्युझिकल, पडद्यावर आणताना एक गाणं मुद्दाम नवं घालायचं. ‘एव्हिटा’नं १९९६ साली तेच केलं आणि तेच नवं गाणं, ‘यू मस्ट लव्ह मी’, जिंकलं. दशावतारातली किंवा संगीत नाटकातली सामग्री घेऊन चित्रपट करणाऱ्यांनी हे पटकथेच्या वेळीच ठरवावं. शेवटी घाईनं चिकटवलेलं नवं पद उपऱ्यासारखं दिसतं.

पारंपरिक गाण्याबाबत लोक सर्वांत जास्त गोंधळतात. पालखीच्या वेळचं, नमनातलं किंवा लग्नातलं जुनं गाणं घेतलं, धृपद तसंच ठेवलं, दोन नवे अंतरे लिहिले आणि खाली स्वतःचं नाव घातलं. आपल्या श्रेयनामावलीत हे खपून जातं. इथं धृपदाची चाल आणि शब्द हेच गाण्याचं काळीज धरलं जातं आणि ते तुमचं नसतं. मग कोकणातलं काय वापरता येईल? ठेका. ढोल-ताशाची शिमग्यातली लय, पखवाजावरचा भजनी ठेका, जाखडीतला चाळांचा नाद यांवर कुणाची मालकी नाही. नियम बोलतो तो शब्द आणि सुरावटीबद्दल. ठेका जुना, बोली जुनी, सुरावट आणि शब्द कोरे असं गाणं दारातून आत जातं, आणि खरं सांगायचं तर चांगलं गाणंही बहुधा असंच होतं.

चित्रपटात गाणं कुठं बसतं, यावरही पात्रता ठरते. ते चित्रपटाच्या अंगात हवं, नाहीतर शेवटची नावं सुरू होताच वाजणारं पहिलंच संगीत हवं. नावं सुरू झाल्यावर आधी एक मिनिट पार्श्वसंगीत आणि मग गाणं, अशी रचना केली की ते बाद. संकलकाच्या टेबलावर दहा सेकंदांत सुटणारी गोष्ट आहे, पण प्रिंट गेल्यावर सुटत नाही. आणि गाणं तुकड्यातुकड्यांनी, संवादांखाली दबलेलं असूनही चालत नाही. शब्द आणि चाल स्पष्ट ऐकू यायला हवी, कळायला हवी, पुरेशी लांब हवी. गाणारा पडद्यावर दिसलाच पाहिजे असं मात्र नाही.

‘स्पष्ट ऐकू यावी’ ही अट कोकणी बाजाच्या गाण्याला जड जाते, आणि कारण आहे झांज. झांजेचा झणत्कार वरच्या पट्टीत पसरतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ या व्यंजनांची ओळख नेमकी त्याच पट्ट्यात असते. देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना एकत्र बसवून दोन मायक्रोफोनवर घेतलं की वातावरण सुंदर येतं आणि शब्द जातात. वर पत्रे असतील आणि महिना जुलैचा असेल तर पावसाचा आवाज उरलेली व्यंजनंही खातो. मिक्सिंगला नंतर ते सुटं करता येत नाही, वरची पट्टी कापली तर झांजेबरोबर गायकाचा ‘स’ही बोथट होतो. गायक आणि पखवाज आधी घ्यावेत, झांज वेगळ्या ट्रॅकवर मागाहून, आणि कडव्यात ती सम सोडून इतरत्र हलकी ठेवावी. सभामंडपाची गुंज हवी असेल तर रिकाम्या सभामंडपात स्पीकरवर तेच गाणं वाजवून ती वेगळी टिपून घ्यावी. तपासणीचा उपाय फुकटचा आहे: मालवणी न येणाऱ्या, नागपूरकडच्या माणसाला गाणं एकदाच ऐकवा आणि ऐकू आले ते शब्द त्याला लिहायला सांगा. अर्थ नाही समजला तरी चालेल, अक्षरं जुळली पाहिजेत.

निवडीची रीत अशी. एका चित्रपटातून तीनपेक्षा जास्त गाणी पाठवता येत नाहीत. आलेल्या गाण्यांतून अकॅडमीची (ऑस्कर देणाऱ्या संस्थेची) संगीत शाखा, म्हणजे संगीतातलीच माणसं, पंधरा निवडते. ‘नाटू नाटू’च्या वर्षी ८१ पात्र गाण्यांतून हे पंधरा काढले होते. त्यातून तीच शाखा पाच नामांकनं ठरवते, एका चित्रपटाची जास्तीत जास्त दोन. अंतिम मत मात्र सगळ्या शाखांचे सदस्य देतात: छायालेखक, वेशभूषाकार, अभिनेते, सगळे.

माझ्याकडून पहिल्या टप्प्याला, म्हणजे संगीत शाखेच्या निवडीला, भरघोस गुण, दुसऱ्याला, म्हणजे सगळ्यांच्या अंतिम मताला, हात आखडता. पहिल्या टप्प्यातही गमती झाल्या आहेत. काही वर्षं गाण्यांना गुण देऊन सरासरी ८.२५ भरली तरच नामांकन अशी पद्धत होती. परिणामी २०१२ च्या सोहळ्यात फक्त दोन गाणी स्पर्धेत उरली. गावच्या भजन स्पर्धेत परीक्षकानं कुणालाच दुसरा नंबर दिला नाही तर जो गोंधळ होईल, तोच. पद्धत नंतर बदलली. अंतिम टप्प्यात गाणं न ऐकता, चित्रपट न बघता, नाव ओळखीचं म्हणून मत पडण्याची तक्रार जुनी. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमानुसार आता त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय मत देता येत नाही. उशिरा आला, पण योग्य नियम आहे.

प्रचाराबाबत हात आवरा. २०१४ साली ‘अलोन येट नॉट अलोन’ या गाण्याचं मिळालेलं नामांकन काढून घेण्यात आलं, कारण त्याच्या संगीतकारानं, जो शाखेचा जुना पदाधिकारी होता, सदस्यांना आपल्या गाण्याकडं लक्ष वेधणारे ईमेल पाठवले होते. आपल्याकडं ‘जरा बघा हं आमच्याकडं’ म्हणणं हा शिष्टाचार. तिथं त्यानं नामांकन जातं.

बाहुली कुणाला मिळते? फक्त गीतकाराला आणि संगीतकाराला. नेहमी दोन, अपवादानं तीन किंवा चार. २०२३ साली मंचावर एम. एम. कीरवाणी आणि चंद्रबोस यांच्या हातात ती होती. ते गाणं त्याच सोहळ्यात जीव तोडून गाणारे राहुल सिप्लीगंज आणि काल भैरव यांच्या हातात काही नव्हतं. नृत्यदिग्दर्शकाचं तर नावच नाही. रोख रक्कमही शून्य. २००९ च्या ‘जय हो’लाही हेच: रहमान आणि गुलजार यांना, गायकांना नाही. कोकणच्या माणसाला हे खटकणार. इथं गाणं बुवाच्या नावानं ओळखलं जातं, लिहिणारा बऱ्याचदा अनामिक.

आपले राष्ट्रीय पुरस्कार इथं उलट वागतात. तिथं गाण्याला पुरस्कार नाहीच. गीतकाराला वेगळा, संगीतकाराला वेगळा, गायक आणि गायिकेला वेगळा. ‘जोगवा’च्या वेळी अजय-अतुल, हरिहरन आणि श्रेया घोषाल या सगळ्यांना रजत कमळं मिळाली, ‘कट्यार’साठी महेश काळे यांना गायनाचं मिळालं. ७० व्या पुरस्कारांपासून रजत कमळासोबत दोन लाख रुपये आहेत. प्रवेशालाही अमेरिकेत सात दिवस नकोत, त्या कॅलेंडर वर्षातलं सेन्सॉरचं प्रमाणपत्र असलं की चित्रपट स्पर्धेत येऊ शकतो. फिल्मफेअरनं सुरुवात केली ती गाण्यापासूनच. १९५४ चा पहिला संगीताचा पुरस्कार नौशाद यांना ‘तू गंगा की मौज’ या एका गाण्यासाठी होता, मग तो सबंध चित्रपटाच्या संगीताकडं वळला. गायकांसाठी विभागच नव्हता. लता मंगेशकर यांनी त्यावरून सोहळ्यात गायला नकार दिला आणि १९५९ पासून तो विभाग आला. गायकाच्या न्यायाच्या बाबतीत आपली पद्धत सरस, यात शंका नको. फक्त शब्द आणि चाल एकमेकांत कशी मुरली आहे, हे एकत्र जोखायचं काम ऑस्करचा विभाग करतो. ते आपल्या या दोन पुरस्कारांत होत नाही आणि व्हायला हवं.

कागदांचं. ऑस्करला पाठवा वा न पाठवा, हे करून ठेवलेलं बरं. शब्दांचा पहिला खर्डा आणि चालीचं पहिलं मोबाइल-मुद्रण तारखेसह स्वतःला ईमेल करा. निर्मात्याशी लेखी करार गाणं बांधायच्या आधी, आणि त्यात ‘या चित्रपटासाठी’ हे शब्द. भारतात कॉपीराइट नोंदणी ऐच्छिक आहे, पण स्वस्त: शब्द साहित्यकृती म्हणून, चाल संगीतकृती म्हणून, प्रत्येकी ५०० रुपये, अर्ज फॉर्म १४. चालीसाठी स्वरलिपी लागते, पेटीवाल्याकडून एक संध्याकाळ बसून लिहून घ्या. हरकतींसाठी ३० दिवसांची वाट असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानंही काढून घेता येत नाही (चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून), त्यामुळं ‘सगळे हक्क कायमचे दिले’ असल्या ओळीला घाबरून मुकाट सही करू नका, आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या. क्यू-शीटमध्ये प्रत्येक संगीतखंडाचं नाव, लांबी, कर्ता आणि वापर लिहिलेला असतो. ती संगीत संयोजकाच्या आठवणीतून नाही, अंतिम प्रिंट पुढं ठेवून भरायची. एखादा तुकडा पारंपरिक असेल तर तिथं ‘पारंपरिक’ लिहा. लपवलेलं पुढं निघतं, आणि तेव्हा आख्खं गाणं जातं.

राहिली सबटायटल, ज्यांच्यावर शेवटी सगळा भार पडतो. बहुतेक मतदाते मराठी ऐकणार नाहीत, खालची ओळ वाचणार. मुंबईत बसून भाषांतर करणाऱ्यानं ‘गाऱ्हाणं’ या शब्दाला सरळ तक्रार केलं की गाणं संपलं. कोकणात गाऱ्हाणं म्हणजे ग्रामदेवतेपुढं हात जोडून घातलेलं साकडं, ज्याच्या प्रत्येक ओळीला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. तक्रार म्हटलं की पडद्यावरची हात जोडलेली माणसं रागावलेली वाटतात. गीतकारानं सबटायटलवाल्याशेजारी बसून ओळ न् ओळ तपासावी, एका ओळीत ४० अक्षरांच्या आसपास राहील इतकंच ठेवावं, आणि यमक जुळवायच्या नादी लागू नये. ‘व्हय म्हाराजा’चं भाषांतर करूच नका, तसंच्या तसं राहू द्या. तिसऱ्यांदा आलं की परक्या माणसालाही ते कळतं.